दारातली बाज

कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठच्या एका गावात, एकाच घरात, एकाच आठवड्यात दोन बाळंतपणं झाली. मंगळवारी पहाटे गोठ्यात चंद्री म्हैस व्याली आणि शुक्रवारी रात्री घरची सून ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली. दोघींनाही लेकीच. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणत सुनेच्या सासऱ्यांनी, आबांनी, गल्लीत पेढे वाटले. चंद्रीच्या चिकाचा खरवस शेजारच्या घरांत गेला, पण रेडकाचं पोट भरून उरला तेवढ्याच चिकाचा. व्याल्यावर पहिल्या तासाभरात चीक रेडकाच्या पोटात गेला पाहिजे, हा आबांचा नियम. 40 वर्षं म्हशी पाळलेल्या माणसाला तो कुणी शिकवावा लागत नाही.

तसं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सुनेच्या वहिनीचेही तेच दिवस होते, आणि एका घरात दोन बाळंतिणी नकोत असं दोन्हीकडच्या बायकांनी ठरवलं. सून सासरीच राहिली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटात झालं. पंगतीत काय वाढायचं यावर महिनाभर आधीपासून चर्चा चालली होती. आठव्या महिन्यात आशाताई घरी आल्या. लोहाच्या गोळ्या रोज घेतेस ना, शेवटची तपासणी कधी, 102 ची गाडी बोलवायला फोन कोण करणार, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी सोप्यात बसलेल्या सगळ्यांनाच एक प्रश्न टाकला.

“बाळ घरी आल्यावर रात्री हिच्यासंगं कोण जागणार? आणि आल्यागेल्याचा चहा कोण करणार?”

सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, “घर माणसांनी भरलंय की ओ ताई! त्याची कसली चिंता?”

हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. पाळणा, दुपटी, बारशाचा हॉल, सगळं ठरतं. बाळ घरी आल्यावरची चौथी रात्र कुणाची, हे ठरत नाही. घरात माणसं पुष्कळ असली की ते आपोआप होईल असं सगळे धरून चालतात.

दवाखान्यात सगळं नीट झालं. बाळ 2 किलो 700 ग्रॅमचं. सिस्टरनी ते पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, तासाभरात पाजायला लावलं. पिवळसर दाट चीक बाळाच्या पोटात गेला. तिसऱ्या दिवशी सगळे घरी आले.

सासूबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टींत सासूला खाष्ट करून ठेवायची आपल्याला सवय आहे. पहाटे चारला उठून त्या पाणी तापवायच्या, बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या, अळिवाची खीर करायच्या, डिंकाचे लाडू वळायच्या. त्यांच्या हातांना विश्रांती नव्हती. पण त्यांच्या सासूनं त्यांना जे शिकवलं होतं, तेच त्या करत होत्या. बाळंतिणीनं पाणी कमी प्यायचं, पोट सुटतं. खोलीची खिडकी उघडायची नाही, वारं लागतं. बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. आणि बाळ बघायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, माणूस दुखावतो.

माणसं येत राहिली. भावकी, तालीम मंडळातली पोरं, डेअरीवरच्या बायका. प्रत्येकजण खोलीत बाजेजवळ यायचा, बाळ उचलून घ्यायचा, नाक कुणावर गेलंय ते ठरवायचा आणि मग बाळंतिणीकडे वळून एकच गोष्ट विचारायचा.

“दूध येतंय का?”

ती मान हलवायची. तिला खरं तर माहीत नव्हतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक थोडाच येतो आणि तेवढाच पुरतो, कारण नवजात बाळाचं पोटच इवलंसं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरून तिच्याकडे यायचं तेव्हा एकतर झोपलेलं असायचं, नाहीतर रडून लाल झालेलं. ती पाजायला घ्यायची. चौघी बघत बसायच्या. एक म्हणायची वर धर, दुसरी म्हणायची खाली धर. तिसरी म्हणायची, “माझ्या लेकीला तर एवढं दूध, की पदर भिजायचा.” ती पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. बाळानं तोंड लावलं की ती पायाची बोटं आवळून दुखणं सोसायची. दुखतंय हे सांगावं असं तिला वाटलं नाही, कारण सगळ्यांनाच दुखलं असणार आणि कुणीच बोललेलं नव्हतं.

पाचव्या रात्री बाळ रडायचं थांबेचना. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. दुसरी पाळी संपवून आला, तो तसाच दुचाकीला किक मारून मेडिकलमध्ये गेला आणि पावडरचा डबा व बाटली घेऊन आला. बाटली तोंडाला लागताच बाळ गप्प झालं. घरानं सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, “बघ, भूकच होती. हिचं पुरत न्हाई.” डब्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की आईचं दूध हेच बाळासाठी सर्वांत चांगलं. 1992 च्या कायद्यानं ते छापावंच लागतं. तिनं ते वाक्य वाचलं, आणि त्या रात्री ती पहिल्यांदा आवाज न करता रडली.

सातव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन आल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं, हा त्यांच्या कामाचा भाग. या घरभेटींचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरोघर गेल्या आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि 2011 पासून देशभरातल्या आशा हे काम करू लागल्या. आपल्या गल्लीत पिशवी घेऊन फिरणाऱ्या बाईच्या मागे एवढं मोठं काम उभं आहे, हे आपण विसरतो.

झोळीत घालून काटा धरला. अडीच किलो. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण आता ते चढायला लागायला हवं होतं. आशाताईंनी विचारलं, “दिवसाला किती बाळोती ओली होतात?” चार, असं सासूबाई म्हणाल्या. या वयात निदान सहा तरी हवीत. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. बाळाला काही आजार तर नाही ना हे बघायला, दुपारीच डॉक्टरांना दाखवून यायचं त्यांनी ठरवून टाकलं. मग खोलीतल्या बायकांना म्हणाल्या, “मला थोडा वेळ हिच्यापाशी बसू द्या.” आणि मग तिला नावानं हाक मारली. बाळ झाल्यापासून त्या घरात ते नाव कुणी घेतलंच नव्हतं. सगळ्यांची ती ‘बाळाची आई’ झाली होती.

“घे बरं पाजायला. मी नुसती बघते.”

त्या खरंच नुसत्या बघत बसल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सात दिवसांत सल्ला 50 माणसांनी दिला असेल, पण एक अख्खं पाजणं कुणी नीट बघितलं नव्हतं. बाळ फक्त बोंड धरत होतं, म्हणून चिरा पडत होत्या आणि दूधही पुरतं निघत नव्हतं. आशाताईंनी पाठीला उशी दिली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, त्याच्या ओठाला बोंडाचा स्पर्श करून तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला सांगितलं आणि मग बाळाला पटकन छातीशी ओढायला लावलं. भोवतीचा काळसर भागही तोंडात गेला, हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. थोड्या वेळानं बाळाच्या घशातून गिळल्याचा आवाज यायला लागला. तिनं पायाची बोटं सैल सोडली.

“दुखतंय?”

“न्हाई,” ती म्हणाली आणि तिचा तिलाच विश्वास बसेना.

आशाताईंनी सांगितलं की बाळ मागेल तेव्हा, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. जितकं ओढलं जाईल तितकं दूध बनतं, बाटलीनं पोट भरलं तर ते ओढणंच थांबतं. अधूनमधून द्यावं लागलंच तर आपलंच दूध काढून वाटी-चमच्यानं. हिला तहान लागेल तेवढं पाणी, दोन्ही वेळचं पोटभर जेवण. शेगडीचा धूर बंद, तो बाळाच्या छातीला वाईट. मध चाटवायचा नाही, वर्षभर तरी. सासूबाईंचा चेहरा उतरलेला बघून त्या म्हणाल्या, “मालिश मात्र तुमच्याच हातची. ती मला जमत न्हाई.” डॉक्टरांनीही बाळ तपासून तेच सांगितलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आशाताईंची पाठ वळली आणि संध्याकाळी पुण्याहून पाहुण्यांची गाडी आली. पुन्हा मांड्या, पुन्हा फोटो, पुन्हा तोच प्रश्न. रात्री बाटली परत उकळत्या पाण्यात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हीच पाहुणी मंडळी गोठा बघायला गेली. आबा धारेला बसले होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी चंद्रीच्या डोळ्यांवर मोबाइलचा फ्लॅश पाडला. चंद्रीनं मान वर केली, शेपूट आपटली आणि पान्हा चोरला. सडातून थेंब निघेना. आबांनी कासंडी बाजूला ठेवली, सगळ्यांना गोठ्याबाहेर काढलं, रेडकू सोडलं आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. शांत झाल्यावर ती आपोआप पान्हावली.

गोठ्याच्या भिंतीपलीकडेच बाळंतिणीची खोली. धार काढता काढता आबांना पलीकडून आवाज आले. “आज तरी येतंय का दूध?” “बाळ वाळलंय गं.” आणि मग सुनेचा आवाज नव्हे, तिचं नाक ओढणं.

आबा कासंडी तिथेच ठेवून उठले. गोठ्यात कुणी सुई मारून दूध काढतो म्हटलं की ते त्याच्याशी बोलणं सोडायचे. त्या सुईतलं औषध ऑक्सिटोसिन, आणि बाळ ओढू लागलं की आईच्या अंगात दूध उतरवायला तेच द्रव्य आपोआप तयार होतं, भीतीनं, लाजेनं, दुखण्यानं ते अडतं, हे काही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढं उमगलं की गोठ्यात आपण जे होऊ देत नाही ते आपल्या घरात आठवडाभर चाललंय. सोयर होतं. बाळंतिणीच्या खोलीत जायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी अंगणातली बाज उचलली, खोलीच्या दारात आडवी टाकली आणि तीवर बसले.

“बाळ बघायला आलोय, आबा.”

“आता न्हाई. सव्वा महिन्यानं या. चहा घ्या आणि सावकाश जावा.”

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “आवं, काय हे? भावकी काय म्हणंल?”

आबा हळू आवाजात म्हणाले, खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. “माणसाची आणि जनावराची बरोबरी करू नये. पण चंद्रीनं सकाळी पान्हा चोरला, तवा तिला आपण बोल लावला का? माणसांनाच बाहेर काढलं न्हवं? मग हिलाच का विचारतोय आपण, येतंय का, येतंय का?”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्या तांब्याभर पाणी घेऊन बाजेला वळसा घालून खोलीत गेल्या. खिडकीची एक फळी उघडल्याचा आवाज आला.

भावकी दुखावली. एका चुलत्यानं तर बारशाला येणार नाही म्हणून निरोप पाठवला. आबा दारातून हलले नाहीत. धारेची वेळ झाली की नवरा त्यांच्या जागी बसायचा. त्यानं पाळीही बदलून घेतली. खासगी नोकरीत बाळ झाल्यावर बापाला रजा द्यायचा कायदा आपल्या देशात नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, फौंड्रीतल्या माणसाला बदली पाळी मिळाली तरी खूप. मला हे फार चुकीचं वाटतं. बाळ दोघांचं असतं आणि रात्र एकटीला काढावी लागते. हा माणूस रात्री दोनला उठायचा, बाळोतं बदलायचा, तिच्या पाठीला उशी लावायचा, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचा आणि पाजून झालं की बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचा. रात्रीच्या पाजण्यानं दूध जास्त वाढतं, आशाताईंनी त्याला सांगितलं होतं. बाटली हळूहळू मागे पडली. चौदाव्या दिवशी काट्यानं 2 किलो 740 दाखवले.

सगळं करूनही काहींना दूध पुरत नाही, काहींना औषधांमुळे पाजता येत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून पावडर दिली तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. इथे तशी वेळ आली नाही, एवढंच.

घर खुशीत होतं. एकविसाव्या दिवशी तर बाळ तीन किलोला टेकलं. सासूबाईंनी आशाताईंना बळेच लाडू दिला. आशाताईंनी वही मिटली, पिशवी भरली, आणि मग तिच्याकडे वळल्या.

“आणि तू गं?”

ती भिंतीकडे बघत राहिली.

“बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?”

“न्हाई. डोळं मिटलं की छातीत धडधडतं.”

“जेवण?”

“जात न्हाई.” मग बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “बाळाला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं.”

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि ते दोनेक आठवड्यांत आपसूक निवळतं. त्यापुढे रेंगाळलं, झोप-जेवण उडालं, आपलं असणंच नकोसं वाटू लागलं, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार असतात. आशाताईंनी तिचा हात हातात घेऊन सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का, बाळाला काही करावंसं वाटतं का. असं विचारलं की नको ते डोक्यात शिरेल अशी अनेकांना भीती वाटते. तसं होत नाही. विचारल्यावर माणसाला बोलता येतं. तिनं सांगितलं, विहिरीकडे जाताना एकदा मनात आलं होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून आधी निघालं ते “कुणाची तरी नजर लागली असंल, देवऋषाला दाखवू.” आशाताई म्हणाल्या, “अंगारा लावायचा तर लावा. पण उद्या सकाळी कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात जायचंच, आणि आज रात्री हिला एकटी ठेवायची न्हाई.” निघताना त्यांनी 14416 हा टेली-मानसचा नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. रात्री-अपरात्रीही तिथे बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ती रात्र सासूबाईंनी तिच्या बाजेशेजारी जमिनीवर काढली.

सीपीआरच्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टर तिला एकेक विचारत गेल्या. ती तुटक उत्तरं देत होती. त्यांनी विचारलं, “घरात यापूर्वी कुणाला असं काही झालं होतं?”

“मला,” सासूबाई म्हणाल्या.

रक्ताचं नातं नसल्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंद झाली नाही. पण सुनेनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. धाकट्याच्या वेळचं, सासूबाई सांगत होत्या. चार महिने काही गोड लागत नव्हतं. घरच्यांनी कामचुकार ठरवलं, माहेरच्यांनी लग्नातल्या मानपानाचं कारण काढलं. कुणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं, हेच कळत नव्हतं.

पाजत असताना चालतील अशी औषधं डॉक्टरांनी दिली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. एका आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्यातही फारसं नाही. कधी ती बरी असायची, कधी दिवसभर पांघरूण सोडायची नाही. सासूबाई बाळाला न्हाऊ घालून तिच्याजवळ आणून ठेवायच्या आणि तिथेच शेंगा फोडत बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. दुपारी दोन तास बाळ आबांच्या मांडीवर, आणि ते दोन तास तिची झोप. नवरा दर बुधवारी तिला दुचाकीवरून सीपीआरला न्यायचा. दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी बाळाच्या शिंकण्यावर ती मोठ्यानं हसली, तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही, पण सासूबाईंनी रात्री शेवयांची खीर केली.

सहा महिने झाल्यावर बाळाला भाताची मऊ पेज सुरू झाली, पाजणं चालूच होतं. त्याच सुमारास समोरच्या घरातली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. गल्लीतल्या बायका बाळ बघायला निघाल्या. सासूबाईही निघाल्या, हातात झाकलेलं पातेलं. दारात गर्दी होती. त्या गर्दीला वळसा घालून मागल्या दारानं थेट मोरीपाशी गेल्या.

“अगं, हिकडं कुठं?” लेकीची आई म्हणाली. “बाळ पुढच्या खोलीत हाय.”

“बाळ बघीन की मागनं.” सासूबाईंनी पातेलं चुलीशेजारी ठेवलं, पदर खोचला. “हे तिला गरम गरम वाढ. आणि बाळोती कुठं भिजत घातलीयास, ती दे हिकडं.”